पृथ्वीएवढा बाह्यग्रह कसा शोधायचा: अवकाश दुर्बिणीच्या नोंदींपासून खात्रीपर्यंत

दूरच्या एखाद्या ताऱ्यापाशी कोणी असेल आणि त्याची नजर नेमकी पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलात येत असेल, तर त्याला वर्षातून एकदा, सुमारे १३ तास, सूर्याचा प्रकाश दहा लाखांत ८४ भागांनी मंदावलेला दिसेल. पृथ्वी सूर्यबिंबासमोरून सरकते तेव्हाचे हे अधिक्रमण. आपल्याला हेच उलट दिशेने करायचे आहे: दुसऱ्या ताऱ्याच्या प्रकाशात असा खळगा शोधायचा आणि तो ग्रहामुळेच पडला हे दाखवायचे. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा जवळजवळ १ टक्का प्रकाश अडवतो आणि जमिनीवरच्या छोट्या दुर्बिणीलाही सापडतो. दहा लाखांत ८४ भाग, म्हणजे ८४ पीपीएम, मात्र वातावरणाच्या थरथरीत हरवून जातात. शिवाय दिवस उजाडला की जमिनीवरची नोंद तुटते. म्हणून हे काम अवकाशातून करावे लागते.

नोंदी सगळ्यांसाठी मोफत खुल्या आहेत आणि साध्या संगणकावर त्यांचे विश्लेषण होते. खळगा सापडणे हा त्यातला छोटा भाग. बहुतेक वेळ जातो तो दोन गोष्टींत: हा खळगा दुसऱ्या कशानेही पडलेला नाही हे पटवण्यात, आणि ताऱ्याची त्रिज्या नक्की करण्यात. पुढची मांडणीही त्याच प्रमाणात आहे.

तारा निवडण्याआधी गणित

खळग्याची खोली = (ग्रहाची त्रिज्या ÷ ताऱ्याची त्रिज्या)². वर्ग आहे, म्हणून तारा लहान असला की फायदा झपाट्याने वाढतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी आणि सूर्याची सुमारे ६,९५,७०० किमी, गुणोत्तर ०.००९१६, वर्ग ८४ पीपीएम. तोच ग्रह सूर्याच्या ०.४ पट त्रिज्येच्या लाल बटू ताऱ्यासमोर (सूर्याहून लहान, थंड तारा) आला तर खोली ८४ ÷ ०.१६ = ५२५ पीपीएम होते. ट्रॅपिस्ट-१ हा तारा तर सूर्याच्या जेमतेम १२ टक्के त्रिज्येचा आहे; त्याच्यासमोरून जाणारा पृथ्वीएवढा ग्रह अर्ध्या टक्क्याहून जास्त प्रकाश अडवतो. या ताऱ्याभोवतीचे सात ग्रह २०१७ मध्ये जाहीर झाले ते यामुळेच.

अधिक्रमणाचा कालावधी (ग्रह बिंबाच्या मधोमध जात असेल तर) = (परिभ्रमणकाळ ÷ π) × (ताऱ्याची त्रिज्या ÷ कक्षेची त्रिज्या). आणि कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत येण्याची शक्यता = ताऱ्याची त्रिज्या ÷ कक्षेची त्रिज्या. पृथ्वी-सूर्य जोडीसाठी ही शक्यता ०.४७ टक्के, म्हणजे दोनशे ताऱ्यांमागे जेमतेम एक. वर घेतलेला लाल बटू तारा सूर्याच्या ०.४ पट वस्तुमानाचा मानला आणि ग्रह १० दिवसांत फेरी मारतो असे धरले, तर कक्षेची त्रिज्या ०.०६७ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) येते, शक्यता २.८ टक्के आणि अधिक्रमण सुमारे २.१ तासांचे. हे उदाहरण लक्षात ठेवा. पुढे सगळीकडे हेच वापरले आहे.

आता हा खळगा दिसेल का ते तपासायचे. एका अधिक्रमणाचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर म्हणजे खोली भागिले तेवढ्याच कालावधीतला नॉइज, म्हणजे नोंदीतली यादृच्छिक थरथर. अधिक्रमणे जितकी मिळतील त्यांच्या वर्गमुळाने ते वाढते. समजा आपल्या ताऱ्यासाठी नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीचा एका तासाचा नॉइज ३०० पीपीएम आहे. मग २.१ तासांत तो सुमारे २०६ पीपीएम राहील, आणि एका अधिक्रमणाचे गुणोत्तर ५२५ ÷ २०६ म्हणजे सुमारे २.५. टेसच्या आधीच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेने ७.१ ही किमान मर्यादा ठेवली होती, कारण लाखभराहून अधिक ताऱ्यांची छाननी करताना निव्वळ योगायोगाने तेवढा मोठा आकडा एकदाही येऊ नये असा हिशेब होता. आपल्याला ७.१ गाठायला आठ अधिक्रमणे लागतील, म्हणजे ८० दिवस. टेस आकाशाचा एकेक पट्टा, म्हणजे सेक्टर, पाळीपाळीने पाहते; एका सेक्टरमध्ये २७ दिवस मिळतात. त्यात दोन किंवा तीन अधिक्रमणे बसतात आणि एखादे नोंदीतल्या खंडात सापडून वाया जाते. म्हणून चार सेक्टर असलेला तारा घ्या. एकाच सेक्टरची नोंद असलेल्या मंद ताऱ्यात पृथ्वीएवढा ग्रह शोधण्यात महिने घालवू नका. गणितच नाही म्हणते आहे.

हाच हिशेब केप्लरला लावून पाहण्यासारखा आहे. १२ व्या प्रतीच्या (प्रत हे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) ताऱ्यासाठी साडेसहा तासांत २० पीपीएम नॉइज राहील अशी आखणी होती. प्रत्यक्षात सूर्यासारखे तारे अपेक्षेपेक्षा जास्त चंचल निघाले आणि आकडा ३० पीपीएमच्या आसपास गेला. १३ तासांच्या अधिक्रमणासाठी ३० चे २१ होतात. एका अधिक्रमणाचे गुणोत्तर ४, तीन वर्षांतल्या तिन्हींचे मिळून ६.९. मर्यादा ७.१. म्हणजे वर्षाची कक्षा असलेली हुबेहूब पृथ्वी तीन वर्षांच्या नोंदीत थोडक्यात निसटते आणि चौथे अधिक्रमण अत्यावश्यक होते. मे २०१३ मध्ये दुसरे स्थिरीकरण चाक निकामी होऊन मूळ मोहीम थांबली, तोवर चार वर्षांच्या नोंदी जमल्या होत्या. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभराच्या कक्षेतली पृथ्वी अजून ठामपणे हाती का लागलेली नाही, याचे बरेचसे उत्तर २० आणि ३० पीपीएम या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

कोणत्या दुर्बिणीच्या नोंदी

केप्लर मार्च २००९ मध्ये अवकाशात गेली. ०.९५ मीटर छिद्र (प्रकाश आत घेणारे तोंड), ४२ सीसीडी (प्रकाश टिपणाऱ्या चकत्या), हंस आणि स्वरमंडळ तारकासमूहांतला ११५ चौरस अंशांचा एकच तुकडा, दीड लाखांवर तारे. बहुतेक ताऱ्यांची नोंद साडेएकोणतीस मिनिटांनी, मोजक्यांची एका मिनिटाने. दूरचे, मंद तारे. पण सलग चार वर्षे. लांब परिभ्रमणकाळ हवा असेल तर अजूनही हाच खजिना.

टेस एप्रिल २०१८ मध्ये अवकाशात गेली. चार कॅमेरे, प्रत्येकाचे छिद्र जेमतेम १०.५ सेंमी, पण २४ × ९६ अंशांचा पट्टा एका वेळी टिपतात. जवळचे, तेजस्वी तारे मिळतात. निवडक ताऱ्यांची नोंद दोन मिनिटांनी. पूर्ण चौकटींची प्रतिमा सुरुवातीला ३० मिनिटांनी, मग १० मिनिटांनी आणि सप्टेंबर २०२२ पासून २०० सेकंदांनी. क्रांतिवृत्ताच्या ध्रुवांजवळचे तारे जवळपास वर्षभर सलग दिसतात. पहिला प्रयत्न तिथल्याच एखाद्या शांत लाल बटू ताऱ्यावर करावा.

केऑप्स आणि जेम्स वेब या शोध घेणाऱ्या दुर्बिणी नाहीत. ग्रह आधी सापडलेला असला, अधिक्रमणाची वेळ माहीत असली, की त्यांच्याकडे जायचे.

नोंदी उतरवून घेणे

सगळ्या नोंदी स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या मास्ट संग्रहात आहेत. पायथॉनमधले लाइटकर्व्ह हे पॅकेज ताऱ्याच्या टीआयसी (टेसची ताऱ्यांची यादी) क्रमांकावरून त्या थेट खेचून आणते. शोधताना स्पॉक या अधिकृत प्रक्रियेने तयार केलेली दोन मिनिटांची नोंद मागा. फाइलमध्ये प्रकाशाचे दोन रकाने असतात. सॅप म्हणजे निवडलेल्या पिक्सेलांची साधी बेरीज. पीडीसीसॅप म्हणजे दुर्बिणीचे सामायिक दोष काढलेली आणि शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश वजा केलेली नोंद. शोधासाठी पीडीसीसॅप घ्या, पण सॅप बाजूला ठेवा. एखादा खळगा पीडीसीसॅपमध्ये आहे आणि सॅपमध्ये त्याचा मागमूस नाही, तर तो दुरुस्तीतूनच उगवला असण्याची शक्यता मोठी.

फाइलच्या शीर्षभागात सीडीपीपी नावाचे आकडे मिळतात: अर्धा तास, एक तास आणि दोन तासांसाठीचा नॉइज. वरच्या गणितात अंदाजाऐवजी हेच भरा. तिथेच क्राउडसॅप हा आकडाही पाहा. निवडलेल्या पिक्सेलांतला किती हिस्सा प्रकाश खरोखर आपल्या ताऱ्याचा आहे ते तो सांगतो. ०.९५ च्या वर असेल तर निर्धास्त सुरुवात करा. ०.६ असेल तर दुसरा तारा पाहा.

वेळ दिवसांत असते. टेसच्या नोंदीत सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवलेल्या ज्युलियन दिनांकातून (दिवसांची सलग मोजणी) २४,५७,००० वजा केलेले असतात, केप्लरमध्ये २४,५४,८३३. दोन्ही मोहिमांच्या वेळा जोडताना हे विसरले की सगळा परिभ्रमणकाळ चुकतो.

प्रकाशवक्र सपाट करणे

प्रकाशवक्र म्हणजे वेळेनुसार ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख. ताऱ्यावरचे डाग फिरतात आणि प्रकाश दिवसागणिक हळूहळू वरखाली होतो. आपल्या सूर्यावरही डागांमुळे होणारा बदल पृथ्वीच्या खळग्याच्या दहापट असू शकतो. तो मंद गतीचा असल्यामुळे काढता येतो: प्रत्येक बिंदूभोवती ठरावीक रुंदीची खिडकी घ्यायची, तिच्यातला कल काढायचा आणि मूळ नोंदीला त्याने भागायचे.

इथेच सर्वाधिक लहान ग्रह नष्ट होतात. लाइटकर्व्हमधल्या सपाटीकरणाची खिडकी न सांगता १०१ बिंदूंची असते. केप्लरच्या अर्ध्या तासाच्या नोंदीत ते दोन दिवस होतात आणि काही बिघडत नाही. टेसच्या दोन मिनिटांच्या नोंदीत तेच १०१ बिंदू म्हणजे अवघे ३.४ तास. आपले अधिक्रमण २.१ तासांचे. गाळणी खळग्याच्या तळालाच ताऱ्याचा कल समजते आणि तो भरून काढते. उरतो एक उथळ ओरखडा, ज्याच्या दोन्ही कडांना छोटे उंचवटे दिसतात. असे उंचवटे दिसले तर खिडकी अरुंद आहे हे ओळखा.

खिडकी अपेक्षित अधिक्रमणाच्या किमान तिप्पट रुंद ठेवा. २.१ तासांसाठी साडेसहा तास किंवा जास्त, म्हणजे दोन मिनिटांच्या नोंदीत किमान १९५ बिंदू (संख्या विषम हवी). फार रुंदही नको. तारा दोन दिवसांत स्वतःभोवती फिरत असेल तर दोन दिवसांची खिडकी काहीच सपाट करणार नाही. वोटान या पॅकेजमधली बायवेट पद्धत साध्या बहुपदी गाळणीपेक्षा खळगे चांगले जपते, आणि तिला रुंदी थेट दिवसांत द्यायची असल्यामुळे बिंदू मोजण्याचा घोळही होत नाही. नोंदीत जिथे अर्ध्या दिवसाहून मोठा खंड आहे तिथे वक्र तोडा आणि दोन्ही तुकडे वेगळे सपाट करा, नाहीतर खंडाच्या काठावर खोटे उतार तयार होतात.

दूरचे बिंदू छाटताना वरच्या आणि खालच्या बाजूला एकच मर्यादा लावू नका. वर ४ सिग्मा (सिग्मा म्हणजे बिंदूंच्या नेहमीच्या विखुरणीचे माप) चालेल. लाल बटू ताऱ्यांच्या ज्वाळा त्याने जातात. खाली २० सिग्मा ठेवा किंवा छाटूच नका.

हे सगळे झाल्यावर, शोधाआधी, एक चाचणी जरूर करा. मूळ, न सपाट केलेल्या नोंदीत संगणकाने बनवलेले खोटे खळगे मिसळा: वेगवेगळ्या त्रिज्या, वेगवेगळे परिभ्रमणकाळ, काही शे वेळा. मग तीच सपाटीकरणाची आणि शोधाची साखळी चालवा. एका पृथ्वीत्रिज्येचे दहापैकी दोनच परत सापडत असतील, तर तुमच्या साखळीत काहीतरी खळगे खातेय. ग्रह शोधण्याआधी ते दुरुस्त करा. या चाचणीला वेळ लागतो, पण तिच्याशिवाय 'काही सापडले नाही' या वाक्याला अर्थ नसतो.

शोध

दोन पद्धती चालतात. बीएलएस चौकोनी खळगा धरून शोधते. टीएलएस, २०१९ मध्ये आलेली, खऱ्या अधिक्रमणाचा गोलसर तळ आणि कडा धरून शोधते. ताऱ्याचे बिंब मध्यभागी जास्त आणि काठाला कमी उजळ असते, म्हणून खरा खळगा चौकोनी नसतो. उथळ खळग्यांना टीएलएसचा फायदा होतो. वेळ थोडा जास्त लागतो, तो द्यावा.

परिभ्रमणकाळाची कमाल मर्यादा एकूण कालावधीच्या निम्मी ठेवली तर किमान दोन अधिक्रमणे मिळतात. एक तृतीयांश ठेवली तर तीन. पृथ्वीएवढ्या ग्रहासाठी तीनच्या खाली जाऊ नका. दोन खळग्यांमधून परिभ्रमणकाळ ठरवता येतो, पण दोन योगायोगही तितक्याच सहज जुळतात.

शोधात एकामागून एक परिभ्रमणकाळ तपासले जातात; त्यांच्यातली पायरी किती बारीक हवी, याचा साधा हिशेब: परिभ्रमणकाळातली चूक × फेऱ्यांची संख्या ही अधिक्रमणाच्या कालावधीच्या लहान हिश्श्यापेक्षा कमी हवी. आपल्या उदाहरणात आठ फेऱ्या आणि २.१ तास, चूक पाचेक मिनिटांच्या आत चालेल. पण केप्लरच्या चार वर्षांत एका दिवसाची कक्षा म्हणजे १,४६० फेऱ्या. तिथे वीस मिनिटांहून कमी विस्कट हवी असेल तर चूक एका सेकंदाच्या आत पाहिजे. पायरी जाड राहिली तर खळगे एकमेकांवर बसत नाहीत, पसरतात, आणि काळानुसार संकेताचा जोर दाखवणाऱ्या आलेखात शिखरच उठत नाही.

शिखर मिळाले की त्या काळावर वक्र दुमडा, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवा. मग निम्म्या आणि दुप्पट काळावरही दुमडून पाहा. नोंदीतल्या खंडांमुळे खरा काळ यातला कोणताही असू शकतो.

सापडलेला संकेत झाकून टाका आणि पुन्हा शोधा. एका ताऱ्याभोवती एकाहून जास्त अधिक्रमण करणारे ग्रह असणे नेहमीचे आहे, आणि एकाच ताऱ्यावर दोन-तीन वेगवेगळे संकेत मिळाले तर ते सगळेच खोटे असण्याची शक्यता खूप घटते.

खोटे संकेत वेगळे काढणे

आधी दुर्बिणीचे दोष. प्रत्येक अधिक्रमणाची वेळ लिहून काढा आणि सुटे, न दुमडलेले, एकेक पाहा. टेसच्या नोंदीत पुढच्या गोष्टी तपासा: खळगा सेक्टरच्या सुरुवातीला, मध्यावरच्या खंडाजवळ किंवा शेवटाला येतो का, जिथे पृथ्वीचा आणि चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो? पार्श्वभूमीच्या रकान्यात त्याच वेळी उसळी आहे का? दर काही दिवसांनी चाकांचा संवेग कमी करण्यासाठी यान धक्का देते, त्या क्षणाशी खळगा जुळतो का? आठपैकी तीन खळगे अशा जागी असतील तर ते काढून गुणोत्तर पुन्हा मोजा. उरलेले पाच मर्यादेखाली गेले तर हा उमेदवार सोडून द्या.

केप्लरचा खास दोष ३७२ दिवसांच्या आसपास. दुर्बीण दर तीन महिन्यांनी ९० अंशांत फिरवली जाई, त्यामुळे तारा वर्षातून एकदा त्याच सीसीडीवर परत येई. काही सीसीडींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये तापमानानुसार सरकणारे पट्टे उमटत. परिणामी केप्लरच्या सूर्याभोवतीच्या ३७२ दिवसांच्या फेरीशी जुळणारे ढीगभर खोटे खळगे तयार झाले, नेमके जिथे पृथ्वीसारखी कक्षा शोधायची तिथेच. २०१५ मध्ये जाहीर झालेला ३८५ दिवसांचा केप्लर-४५२बी याच भागात येतो, आणि नंतरच्या विश्लेषणात त्याच्या संकेताची विश्वासार्हता ग्रह पक्का मानण्याइतकी नाही असे दाखवले गेले. केप्लरच्या अखेरच्या यादीसाठी यावर एक सुंदर युक्ती वापरली: प्रकाशवक्र उलटा करायचा. खळग्यांचे उंचवटे होतात आणि खरे ग्रह नाहीसे होतात; तरीही शोधात जे 'ग्रह' सापडतील ते सगळे दोष. तुमच्या ताऱ्यावरही हे दोन मिनिटांत करता येते. उलट्या वक्रात तेवढ्याच उंचीचे शिखर उठत असेल तर सरळ वक्रातल्या शिखरावर विश्वास ठेवू नका.

दुसरा शत्रू खरा आहे, आकाशातला: एकमेकांना झाकणारे जोडतारे. ते चार प्रकारे उघडे पडतात.

पहिले, सम आणि विषम क्रमांकाचे खळगे वेगळे दुमडा. खोलीत ३ सिग्माहून जास्त फरक असेल तर ती दुप्पट काळाची तारकाजोडी आहे. एकदा एक झाकला जातो, एकदा दुसरा. दुसरे, चक्राच्या मध्यावर दुय्यम खळगा शोधा. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा दुय्यम खळगा या नोंदींत दिसूच शकत नाही, म्हणून दिसला तर तो ग्रह नव्हे. तिसरे, आकार. सपाट तळाऐवजी टोकदार इंग्रजी व्हीसारखा खळगा संशयास्पद. पण सिग्नल-नॉइज गुणोत्तर ८ असताना आकार स्पष्ट होत नाही, त्यामुळे या कसोटीवर फार भार देऊ नका.

चौथी कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते आणि ती फारच कमी जण वापरतात: कालावधी ताऱ्याच्या घनतेशी जुळतो का? ०.४ वस्तुमान आणि ०.४ त्रिज्येच्या ताऱ्याची घनता सूर्याच्या ६.२५ पट. १० दिवसांच्या कक्षेसाठी अधिक्रमण जास्तीत जास्त २.१ तासांचे असायला हवे. ग्रह बिंबाच्या काठाजवळून गेला तर आणखी कमी. नोंदीत ५ तासांचा खळगा दिसला, तर ज्या ताऱ्यासमोर तो पडला त्याची घनता (५ ÷ २.१)³ म्हणजे तेरापटीने कमी, सूर्याच्या निम्मी. तो आपला लाल बटू तारा नाही. मागे कुठेतरी दुसराच मोठा तारा लपला आहे. लंबवर्तुळाकार कक्षेमुळे थोडा फरक पडू शकतो, तेरापट नाही.

नक्की कोणता तारा मंदावला

टेसचा एक पिक्सेल २१ कोनीय सेकंदांचा असतो (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). निवडलेल्या काही पिक्सेलांत आपल्या ताऱ्याखेरीज डझनभर मंद तारे सहज बसतात. त्यातला कोण कोण दोषी असू शकतो? पूर्ण झाकला गेला तरी ५२५ पीपीएमचा खळगा पाडण्यासाठी शेजारी तारा आपल्या ताऱ्याहून जास्तीत जास्त ८.२ प्रतींनी मंद असावा लागतो. ८४ पीपीएमसाठी ही मर्यादा १०.२ प्रती. खळगा जितका उथळ, तितके संशयित जास्त. पृथ्वीएवढ्या ग्रहांची खरी अडचण ही आहे.

ताऱ्यांची स्थाने आणि अंतरे मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या यादीतून ताऱ्याभोवतीच्या २ कोनीय मिनिटांतले सगळे तारे काढा आणि मर्यादेच्या आतल्यांची यादी करा. मग पिक्सेल फाइल उतरवा. अधिक्रमणाच्या आधी-नंतरच्या प्रतिमांची सरासरी घ्या, अधिक्रमणातल्यांची घ्या, आणि पहिलीतून दुसरी वजा करा. फरकाच्या प्रतिमेत जो पिक्सेल उजळतो तिथे मंदावलेला तारा आहे. तो ठिपका आपल्या ताऱ्यापासून एक पिक्सेल जरी सरकला असेल तर शेजाऱ्याचा हिशेब लागला.

जमिनीवरची दुर्बीण इथे कामी येते. ५२५ पीपीएम तिला दिसणार नाहीत, पण त्याची गरजही नाही. आपल्या ताऱ्याहून ६ प्रतींनी मंद शेजारी जर दोषी असेल तर त्याचा स्वतःचा खळगा ५२५ पीपीएम × २५१, म्हणजे १३ टक्के असायला हवा. तेवढा खळगा एका कोनीय सेकंदाचे पिक्सेल असलेल्या साध्या दुर्बिणीला सहज दिसतो. अपेक्षित वेळेला रात्रभर सगळ्या शेजाऱ्यांची नोंद घ्यायची. कोणीही मंदावला नाही तर संशयितांची यादी जवळजवळ रिकामी होते.

उरतो तो आपल्याच ताऱ्याला चिकटलेला, वेगळा न दिसणारा जोडीदार. गायाच्या यादीत आरयूडब्ल्यूई हा आकडा (ताऱ्याची हालचाल एकट्या ताऱ्याशी किती कमी जुळते ते सांगणारा) १.४ च्या वर असेल तर जोडीदाराची दाट शंका घ्या. उच्च विभेदनाच्या प्रतिमा आणि वर्णपट यांनीच तो नक्की पकडला जातो.

त्रिज्या

ग्रहाची त्रिज्या = ताऱ्याची त्रिज्या × खोलीचे वर्गमूळ. सिग्नल-नॉइज ८ असेल तर खोलीतली अनिश्चितता १२ टक्के, म्हणून त्रिज्येत ६ टक्के. ताऱ्याच्या त्रिज्येत ४ टक्के धरले तर दोन्ही मिळून सुमारे ७ टक्के. केप्लर गटाने १.२५ पृथ्वीत्रिज्येच्या आतल्या ग्रहांना पृथ्वीएवढे म्हटले होते. तुमचे उत्तर १.१५ आले आणि अनिश्चितता २० टक्के असेल, तर तो पृथ्वीएवढा आहे असे लिहू नका.

टीओआय-७०० या ताऱ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. यादीत सुरुवातीला तो सूर्यासारखा नोंदला गेला होता, त्यामुळे त्याचे ग्रह मोठे आणि तप्त वाटत होते. तो थंड लाल बटू आहे हे लक्षात येऊन त्रिज्या दुरुस्त केल्यावर सर्वांत बाहेरचा ग्रह, ३७ दिवसांच्या कक्षेतला टीओआय-७००डी, पृथ्वीएवढा निघाला आणि पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात आला. जानेवारी २०२० मध्ये तो जाहीर झाला. प्रकाशवक्रातला एकही बिंदू बदलला नव्हता.

यादीतली त्रिज्या जशीच्या तशी उचलू नका. गायाचे अंतर, ताऱ्याचे तापमान आणि अवरक्त तेजस्विता यांवरून स्वतः काढा आणि यादीशी ताडा. जोडीदार लपलेला असेल तर हिशेब आणखी बदलतो: तेवढ्याच तेजाचा जोडीदार खळगा निम्मा करतो, म्हणजे ग्रह प्रत्यक्षात १.४१ पट मोठा. एक पृथ्वीत्रिज्या वाटलेला ग्रह १.४ ची महापृथ्वी ठरतो.

खात्री

सर्वांत भक्कम पुरावा वस्तुमानाचा. ग्रहाच्या ओढीने तारा मागेपुढे हलतो आणि त्याच्या वर्णरेषा सरकतात. पृथ्वी सूर्याला सेकंदाला ९ सेंमी हलवते. हे आजच्या उपकरणांच्या अगदी काठावर आहे. आपल्या ०.४ वस्तुमानाच्या ताऱ्यासाठी, १० दिवसांच्या कक्षेत, पृथ्वीएवढ्या वस्तुमानाने तोच वेग सेकंदाला सुमारे ५५ सेंमी होतो. एस्प्रेसोसारख्या वर्णपटमापकाच्या तो आवाक्यात येतो, तारा तेजस्वी आणि शांत असेल तर. लाल बटू निवडण्याचे हे दुसरे, तितकेच मोठे कारण.

वस्तुमान मिळत नसेल तर संख्याशास्त्रीय पडताळणी करतात. ट्रायसेराटॉप्ससारखे पॅकेज खळग्याचा आकार, शेजाऱ्यांची यादी आणि प्रतिमा घेऊन खोट्या संकेताची शक्यता काढते. ती १ टक्क्याच्या खाली असेल तर ग्रह पडताळलेला मानतात. पण हे पॅकेज दुर्बिणीचे दोष ओळखत नाही. मर्यादेच्या आसपासच्या संकेताला इथून मिळालेला छोटा आकडा फसवा असतो, म्हणून उलट्या वक्राची चाचणी आधी, हे नंतर. जेम्स वेबसारखी दुर्बीण मिळाली तर काम फार सोपे होते: एलएचएस ४७५बी हा टेसचा उमेदवार तिने दोनच अधिक्रमणांत पक्का केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो पृथ्वीच्या ९९ टक्के व्यासाचा असल्याचे जाहीर झाले.

अशा दुर्बिणीसाठी वेळ मागण्याआधी पुढच्या अधिक्रमणांचे वेळापत्रक घट्ट करा. ८० दिवसांच्या नोंदीतून काढलेल्या परिभ्रमणकाळात दीड मिनिटाची चूक राहिली, तर दोन वर्षांनी, ७३ फेऱ्यांनंतर, ती जवळजवळ ११० मिनिटांची होते, आणि २.१ तासांच्या अधिक्रमणासाठी दुर्बीण चुकीच्या वेळी ताऱ्याकडे बघत बसेल. टेस त्याच भागाकडे पुन्हा वळते तेव्हाचे एक सेक्टर जोडले की ही चूक काही सेकंदांवर येते. जमिनीवरच्या वेळांशी ताडताना घड्याळाचा फरकही धरा: नोंदी गुरुत्वमध्याच्या वेळेत असतात, जागतिक घड्याळापेक्षा ६९ सेकंद पुढे. प्रकाशाला पृथ्वीची कक्षा ओलांडायला लागणाऱ्या वेळेची दुरुस्ती राहिली तर वर्षभरात ८ मिनिटे मागे ते ८ मिनिटे पुढे असा हेलकावा बसतो. हेलकावा वर्षाच्या लयीत दिसला तर दुसरा ग्रह शोधायला धावू नका; आधी ही दुरुस्ती तपासा.